मधली फ्रेम

गनेट कोव्हमधलं शेवटचं घर विकायला काढलंय.
एजन्सीला फोटो उद्या दुपारपर्यंत हवेत:
खिडकीत समुद्र दिसला पाहिजे
आणि चुलीमागची भिंतही.
गिऱ्हाईक टोरांटोत बसून बोटानं घरं सरकवतं,
अंधार दिसला की पुढे जातं.

थर्झा पिटमन, वय एक्याऐंशी,
टेबलाशी बसून कॉडच्या जिभा साफ करत होती.
"उठू का?"
"नका उठू. फक्त हलू नका."
न्यूफाउंडलंडच्या वाऱ्याला सांगावं, तसं.

तीन क्लिक.
पहिला समुद्रासाठी:
उपसागरात अडकलेला हिमनगाचा निळसर तुकडा,
बाकी घर नुसतं डांबर.
तिसरा जिन्याखालच्या कोनाड्यासाठी:
रबरी बूट, मिठाची गोणी,
आणि खिडकीच्या जागी पांढरी आग.
दुसरा मधला. ना इकडचा, ना तिकडचा.

रात्री घरी तिन्ही एकावर एक ठेवले.
मशीन उजेडाची वाटणी करतं
सचोटीच्या पंचासारखी.
खिडकीकडचा काढ, कोनाड्याला दे,
एक तुपाशी एक उपाशी, असं चालणार नाही.

खोटं कशाला बोलू, मला हे आवडतं.
पंधरा वर्षं मी लोकांच्या खिडक्या जाळत आलो
नाहीतर त्यांची स्वयंपाकघरं बुडवत.
आणि आता बघा,
कोनाड्याच्या फळीवर
हळूहळू वर आल्या पेन्सिलीच्या रेघा:
अमुक साली मासळी चाळीस क्विंटल,
खाली, सायलस, चार फूट एक इंच.
त्याच्यावर रेघ नाही.

फोन करून वाचून दाखवलं.
बराच वेळ पलीकडे फक्त चूल ऐकू आली.
"ते मी पुसलं होतं," ती म्हणाली.
"म्हणजे, पुसलंय असं वाटत होतं."

मग हात थांबेना.
स्लायडर आणखी जरासा, आणखी जरासा.
ढग सुजले, मारामारी करून आल्यासारखे.
खिडकीच्या चौकटीला प्रभावळ फुटली,
कॅलेंडरवरच्या संताला असते तशी.
लिनोलियम ओल्या माशासारखं चकाकलं,
गोणीचा धागान् धागा ओरडायला लागला,
सगळेच बोलतायत, ऐकणारा कुणी नाही.
आणि खुर्चीत थर्झा तीनदा:
एक सुरीवर वाकलेली,
एक खिडकीकडे वळलेली,
एक माझ्याकडे बघणारी,
तिच्या छातीतून पाठीमागच्या फळ्या दिसत होत्या.

प्रोग्रॅमनं अदबीनं विचारलं,
भुतं काढून टाकायची?
मी 'हो' दाबलं.

खुर्ची राहिली.
ताटलीत जिभा राहिल्या.
सुरी राहिली, पातं ओलं.

सामान आवरताना ती काय म्हणाली होती
ते मला तेव्हा आठवलं, उशिरा:
"जोब इथं बसायचा.
समुद्राकडे बघत असला की मी त्याला दिसायची नाही.
डोळे आत वळवले की आधी सगळं काळं,
मग चूल, मग मी.
घरी यायला तेवढा वेळ लागायचाच त्याला."

एजन्सीला गेला तो तिन्हींचा,
स्लायडर मागे घेतलेला, भुतं काढलेला, स्वच्छ.
घर नवव्या दिवशी गेलं.

मधली फ्रेम मी छापून तिला नेऊन दिली,
खिडकी पांढरीफटक, कोनाडा काळा,
रेघा नाहीत,
अध्येमध्ये ती, जराशी हललेली.

चष्मा लावून तिनं नीट पाहिलं.
"समुद्र कुठे गेला?"
मी काही बोलणार तोच म्हणाली,
"असू दे. तो काय, तिकडेच असतो."